सुखदेवनानांची बिनमहिन्याची छत्री

सुखदेवनानांसमोर ‘महिन्याचं’ हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी काढलाच तर ते हातातलं काम बाजूला ठेवत, नीट वळून बसत आणि विचारत, “पगार महिन्याचा होता, पेन्शन महिन्याची आहे, किराणा महिन्याचा भरतो. आता डोयानं पाह्यणंही महिन्याचंच का बे?”

त्यांचा राग केबलवाल्यावर होता. शेजारच्या गावचा तो पोरगा लिंबाच्या फांद्यांवरून आणि विजेच्या खांबांवरून काळी वायर ओढत आमच्या गावात आला होता. महिना लागला की मोटरसायकल दारात उभी करायचा आणि बसल्या जागेवरूनच हाक मारायचा. उतरायचासुद्धा नाही. एखाद्याला जरा उशीर झाला की त्या घरचं चित्र जायचं, आणि ते नेमकं मालिकेतलं लग्न लागायच्या वेळी जायचं. नानांनी त्याची वायर घेतली नाही. “आभायातून येते ते. आभाय काय त्याच्या बुढ्यानं भाड्यानं घेतलं?” असं म्हणून त्यांनी घरातला टीव्ही चादरीखाली झाकून ठेवला, तो बरेच दिवस तसाच होता.

नाना रेल्वेत गँगमन होते. आमचं गाव नांदुऱ्याजवळ, रुळाला लागून. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी खाली मान घालून रूळ बघत चालण्यात काढली, त्यामुळं मान पुढं आली होती ती आलीच होती. उंच, वाळलेले, आणि बोलताना कुणाच्या चपलांशी बोलतात असं वाटायचं. रिटायर झाल्यावर म्हणायचे, “आयुष्यभर खाली पाह्यलं. आता जरा वर पाह्यतो.” काकू वारल्या होत्या. मुलगा विलास पुण्यात कंपनीत. घरात नाना एकटेच, आणि घरापुढं पत्र्याचं छप्पर घातलेला भला मोठा ओटा.

आमचं घर त्या ओट्याच्या समोर. मी तेव्हा खामगावला कॉलेजात होते, शनिवार-रविवार घरी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला अजूनही संकोच वाटत नाही. नानांनाही त्याचं फार अप्रूप. मी पास व्हायच्या आधीपासूनच ते मला ‘बीए’ म्हणून हाक मारत. “ए बीए, इकडं ये व माय, हे काय लिहेल आहे वाच.” माझं खरं नाव त्यांना आठवत असेल की नाही, मला शंकाच आहे.

तर एक दिवस नांदुऱ्याच्या बाजारात त्यांना एका दुकानापुढं पांढऱ्या डिश टांगलेल्या दिसल्या. आमच्याकडं डिशला छत्रीच म्हणत. दुकानदारानं सांगितलं, ही सरकारी फुकट चॅनलांची छत्री आहे. एकदा छत्री आणि डबा घ्यायचा, पुढं काही द्यायचं नाही. नानांनी विचारलं, “मंग महिन्याचं?” तो म्हणाला, “काही नाही.” नाना घरी आले. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि परत तेच विचारलं. दुकानदार वैतागला. म्हणाला, “काका, सांगितलं ना, काहीच नाही.” तेव्हा कुठं त्यांनी घेतली.

काळीपिवळी जीपमधून छत्री मांडीवर घेऊन आले. खोक्यात नव्हतीच. समोर बसलेल्या बाईनं विचारलं म्हणे, “कोणाच्या लग्नाची परात भाऊ?” नाना म्हणाले, “लग्न नाई, आभाय वाढून घ्यायची परात आहे.” हे त्यांनीच गावभर सांगितलं. स्वतःचा विनोद स्वतःच सांगत फिरायची त्यांना सवय होती, आणि दर वेळी पहिलं हसायचेही तेच.

टीव्ही घरात न ठेवता त्यांनी तो ओट्यावर, खिडकीच्या कोनाड्यात बसवला. संध्याकाळी लाइट असली की सतरंजी अंथरायची, माठ भरून ठेवायचा, आणि गल्लीतला जो येईल त्यानं बसायचं. बोलावणं नाही. रिमोट सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधलेला. “रिमोटले पाय फुटते,” म्हणायचे. ज्याला चॅनल बदलायचं त्यानं उठून खिडकीपाशी जायचं, आणि उठला की त्याची जागा दुसरा घ्यायचा, म्हणून सहसा कुणी बदलायला उठतच नसे. भांडण मिटवायचा तो त्यांचा मार्ग होता.

चॅनलही सगळे आळीपाळीनं लावायचे, हा त्यांचा नियम. फुकट दिलंय म्हणून त्यातलं अर्धं बघायचं आणि अर्ध्याचा अपमान करायचा, हे त्यांना पटत नसे. त्यामुळं रविवारी कधी तमिळ सिनेमा लागायचा, कधी बंगाली, कधी कुठलासा शेतीचा कार्यक्रम, ज्यात बर्फात सफरचंदं तोडत असत. तमिळ सिनेमाला आमचे आजोबा गोष्ट सांगायचे. आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, सगळी गल्लीही तेच म्हणायची. आबाजींना तमिळचा एक शब्द कळत नव्हता, पण ते थांबत नसत. “हा जावई आहे. सासऱ्यावर रुसला. आता तो म्हणून राह्यला, बैल देत असशील तं जेवतो.” पडद्यावरचा माणूस मोटार चालवत असे. कुणी म्हणालं की आबाजी, बैल कुठं आहे यात, तर ते शांतपणे सांगत, “सासऱ्यानं देलाच नाई ना अजून.” नाना माठातून पाणी देता देता हसून इतके वाकत की पेला सांडायचा.

विलास दर आठवड्याला फोन करायचा. गावात फोनला रेंज मिळायची ती नानांच्या ओट्याच्या एका कोपऱ्यात, त्यामुळं बापलेकाचं बोलणं सगळ्या ओट्यासमोर व्हायचं. त्यातही नाना रेल्वेतले; गाडीचा आवाज गृहीत धरून बोलायचे. विलासचं एकच म्हणणं: बाबा, एकटे राहू नका, पुण्याला या. एकदा पोळ्याच्या आसपास त्यानं फारच लावून धरलं तेव्हा नाना मोठ्यानं म्हणाले, “एकटा कुठं आहो मी? पाह्यजे तं मोज येऊन. हे पाह्य इलास, तुले सांगून ठेवतो. ज्या संध्याकाळी ह्या ओट्यावर कोणी आलं नाई, त्या दिवशी मीच तुले फोन लावतो. मले न्यायले ये, मी चप्पल घालून तयार राह्यतो. पण तोवर हा विषय काढायचा नाई.”

फोन ठेवला आणि आमच्याकडं बघून म्हणाले, “ऐकलं ना? आता तुमच्या हाती आहे.” सगळे हसले. आबाजी म्हणाले, “सुखदेव, तू काही जात नाई बे. इथं फुकट टीव्ही आहे, कोण मरायले घरी बसते?”

ते खरंच वाटावं असे दिवस होते. ओट्यावर जागा मिळायची नाही.

आता मी ‘सगळी गल्ली’ म्हणते, पण त्यात गल्लीच्या सुना नव्हत्या. मी गावची लेक, मला कुठंही बसता यायचं. माझी आई सून. ज्या ओट्यावर सासरा बसलाय तिथं ती चढणार कशी? ती आणि आणखी तिघी-चौघी ओट्याच्या बाजूच्या भिंतीपलीकडं, रस्त्याच्या कडेला बसत. सुपात तूर निवडायला घेत आणि कान भिंतीला. चित्र दिसायचं नाही, नुसता आवाज. मालिकेतली कुठली बाई खरी आणि कुठली कारस्थानी, हे त्यांनी आवाजावरून ठरवलेलं होतं.

नानांना हे ठाऊक नव्हतं. एके संध्याकाळी कुणाशी तरी बोलायला म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, आणि भिंतीपलीकडून एकदम आवाज आला, “नाना, जरा मोठं ठेवा ना!”

माझ्या आईचा आवाज. तिच्या तोंडून निघून गेलं होतं. आबाजी खाकरले. नाना उठले, भिंतीपाशी गेले आणि टाचा उंच करून पलीकडं बघितलं. बायका पदर सावरत उठून उभ्या राहिलेल्या, सूप हातात. नाना परत खिडकीपाशी आले. आवाज मोठा केला, चांगलाच मोठा केला, आणि मग त्या संध्याकाळी एकदाही हसले नाहीत.

सकाळी नळावर त्यांनी आईला गाठलं. मी घागर धरून होते. म्हणाले, “बाई, ओट्यावर मधात चादर बांधतो. इकडं माणसं, तिकडं बाया. चालन?”

आई म्हणाली, “नाई चालत, नाना. चादरीआड बसून हासता येत नाई. मामाजी खाकरले की हासू आत जाते.”

“मंग काय करू? आबाजीले भायेर बसवू?”

“त्यायले काऊन भायेर बसवता? म्हातारे आहेत.” आईनं नळाखालची घागर सरकवली. “राहू द्या ना. ऐकू येते आमाले.”

“ऐकू येते,” नाना म्हणाले. “टीव्ही ऐकायले असते का?”

आणि त्या दिवसापासून नाना घरोघर जायला लागले. छत्री बसवा. नांदुऱ्याला मी येतो संगं. वर चढायले मी आहो. महिन्याचं काही नाई. त्यांना वाटत होतं, घरात टीव्ही आला की सून चुलीपाशी बसून का होईना, डोळ्यांनी बघेल. पुढचा हिशेब त्यांना कळत नव्हता असं नाही. आईनंच त्यांना दारात विचारलं, “नाना, घरोघर छत्र्या लागल्या तं तुमच्या ओट्यावर कोण येईन? इलासभाऊले काय सांगितलं तुम्ही, ठाऊक आहे ना?”

“ते मंग पाहू,” नाना म्हणाले आणि चपला घातल्या.

छत्री लावायची त्यांची पद्धत गावात कुठंच नव्हती. एरवी छपरावरचा ओरडतो “आलं का?” आणि खालचे सगळे एकाच वेळी ओरडतात “आलं! गेलं! आलं!” नानांना ते चालत नसे. त्यांनी रेल्वेसारख्या दोन झेंड्या केल्या होत्या, एक लाल चिंधीची, एक हिरवी. घरात एकानं पडद्यावरची सिग्नलची पट्टी बघायची, दारात उभ्या असलेल्याला सांगायचं, आणि त्यानं तोंडातून चकार शब्द न काढता झेंडी दाखवायची. हिरवी दिसली की नाना नट आवळणार.

आमच्या घरी मी पट्टी बघायला आणि आबाजी झेंड्या घेऊन दारात. पट्टी हलायला तयार नव्हती. नाना वर छत्री केसाएवढी सरकवतायत, आबाजी लाल धरून उभे. आईनं चहा आणून ठेवला. थोड्या वेळानं नाना खाली उतरले, हात धुतले, बशीत चहा ओतला आणि आत बघितलं. पडदा निळा ठार.

“हिरवी कोणी दाखवली?”

आबाजी म्हणाले, “मी. चहा थंडा होऊन राह्यला होता ना बे.”

नानांनी बशी तशीच खाली ठेवली. “आबाजी, रुळावर असं केलं तं माणसं मरते.” एवढंच म्हणाले, परत वर गेले, मला दारात उभं केलं, चित्र आणलं आणि चहा न पिता निघून गेले. आठवडाभर ते आबाजींशी बोलले नाहीत. आबाजी ओट्यावर जाऊन बसायचे, नाना सगळ्यांना पाणी द्यायचे आणि आबाजींपुढं पेला नुसता ठेवायचे. शेवटी आबाजीच म्हणाले, “सुखदेव, तमिळ लाव बे, मी सांगतो काय चाललं ते.” तेव्हा मिटलं.

पण आमची छत्री धड चालेना. रोज सकाळी चित्र गेलेलं. नाना येत, वर चढत, छत्री पूर्वेकडं वळलेली सापडे. त्यांना वाटलं वानरं. वानरं आमच्याकडं भरपूर, पण रोज पूर्वेकडंच वळवणारं वानर कुठलं? मग आबाजींनीच कबूल केलं. छत्रीचं तोंड दक्षिणेकडं होतं, ते त्यांना सहन होत नव्हतं. आंघोळ झाली की सूर्याला पाणी घालायला ते घराच्या धाब्यावर जात, आणि तेवढ्यात छत्रीलाही सूर्याकडं वळवून येत.

“म्हाताऱ्या माणसाच्या घरावर यमाच्या दिशेनं थाळी धरून ठेवतो का तू? तो काय वाढीन तिच्यात?”

नाना हसले नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी आबाजींचा हात धरून त्यांना वर नेलं. सूर्य उगवतो ते दाखवलं, रूळ जातो ते दाखवलं, आणि मग छत्रीच्या मागं उभं करून म्हणाले, “आता पाहा. दक्षिण तिकडं, त्या बाभयीकडं. हे तोंड आग्नेयले आहे. तुमच्या घरात चूल कुठं आहे?”

“आग्नेयले.”

“मंग? चुलीच्या दिशेनं वाढते ती.”

दुसऱ्या दिवसापासून सूर्याला पाणी घालून झालं की उरलेले दोन थेंब आबाजी छत्रीवर शिंपडत. चित्र काही गेलं नाही. दसऱ्याला आईनं तिला हळद-कुंकू लावलं.

आणि मग झालं ते होणारच होतं. एकेक घर करत छत्र्या चढल्या. ओट्यावरची सतरंजी आधी पुरत नसे, ती आता मोकळी दिसू लागली. कुणी भांडून गेलं नाही, कुणी सांगूनही गेलं नाही. आज अमक्याच्या घरी बसली, उद्यापासून अमका दिसत नाही. मी शनिवारी खामगावहून यायची तेव्हा दर वेळी माणसं कमी. नाना तरी सतरंजी पूर्ण उलगडायचे. मी एकदा म्हटलं, “नाना, अर्धीच घाला ना.” तर म्हणाले, “अर्धी घातली तं तिले घडी पडते बीए.”

सगळ्यांत शेवटी आबाजी गळले. ते जात राहतील असं मला वाटत होतं, कारण तमिळ गोष्ट घरात ऐकणार कोण? पण घरच्या टीव्हीपुढं खाटेवर आडवं पडून बघता येतं हे एकदा कळल्यावर त्यांची पाठ काही उठेना. “उद्या जातो,” म्हणायचे. आई चुलीपाशी बसून मालिका बघायची. डोळ्यांनी. ज्या बाईला तिनं आवाजावरून साधी ठरवलं होतं ती कारस्थानी निघाली, त्यावर तिघीचौघी आठ दिवस बोलत होत्या.

त्या वर्षी उन्हाळा लागता लागता एका संध्याकाळी नानांच्या ओट्यावर कुणीच आलं नाही. मी खामगावला होते. आईनं समोरून पाहिलं. नानांनी टीव्ही लावला, माठ भरला, बसले. आपल्या घरचा स्वयंपाक टाकून आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली, आणि तेवढ्यात नाना कोपऱ्यात जाऊन फोन लावताना दिसले. ओरडून बोलले नाहीत. पण गल्ली गप्प होती, ऐकू आलंच. “इलास, ये.”

शनिवारी मी घरी पोचले तर गल्लीत वेगळीच धावपळ. विलासभाऊ सकाळीच आले होते, दोन तिकिटं घेऊन. रविवारची गाडी. नानांची ट्रंक ओट्यावर. माणसांना आता एकदम जाग आली होती. आबाजी खाटेवरून उठून घरोघर फिरून आले. त्यांनीच बेत ठरवला: संध्याकाळी सगळ्यांनी ओट्यावर जायचं, पहिल्यासारखं बसायचं, आणि विलासला म्हणायचं, असं रोजच असतं. “एखादा दिवस कोणी नसन आलं, म्हाताऱ्यानं तेवढ्यावर फोन लावला. काय ते पोराले सांगू.”

संध्याकाळी ओटा गच्च भरला. मीही जाऊन बसले. विलासभाऊ आतून बाहेर आले आणि थबकलेच. “बाबा, अहो, इथं तर सगळं गाव आहे! तुम्ही म्हणालात कुणीच येत नाही!”

“रोजच येतो आम्ही,” आबाजी म्हणाले. “तुह्या बापाले दिसत नाई. मोतीबिंदू असन.”

हशा झाला. नाना त्यांच्या लाकडी खुर्चीवर बसले होते. टीव्हीवर कुणीतरी नाचत होतं. नानांनी एकेका तोंडाकडं बघितलं. एकाचंही लक्ष टीव्हीकडं नव्हतं. सगळे विलासकडं बघत होते, पटलं की नाही म्हणून. नाना उठले, खिडकीपाशी गेले आणि टीव्ही बंद केला.

“घरी जा बे सारे.”

“सुखदेव—”

“आबाजी, घरी जा. तुमच्या छत्र्या मीच बसवल्या, चांगल्या चालून राह्यल्या.” मग विलासकडं वळले. “हे आजच आले. तू आला म्हणून आले. आठवडा झाला, ह्या ओट्यावर कुत्रं फिरकलं नाई. ह्यायचा राग नाई मले. पण मी तुले खोटं सांगून इथं राह्यणार नाई. उद्या येतो मी तुह्यासंग.”

एकेक जण उठला. चपला घालण्याचा तेवढा आवाज. आबाजींची एक चप्पल सापडत नव्हती, ते वाकून इकडं तिकडं पाय फिरवत राहिले, कदाचित मुद्दामच. विलासभाऊ ट्रंकेवर बसले. मी खांबाला टेकून उभी.

आणि समोरच्या आमच्या दारातून आई निघाली.

डोक्यावर पदर, हातात काही नाही. सूपही नाही. मागं त्या तिघी-चौघी. मला वाटलं, ती भिंतीपाशी वळेल. ती वळली नाही. सरळ ओट्याच्या पायरीशी आली. आबाजी तिथंच वाकलेले. मी माझ्या आयुष्यात आईला आबाजी बसलेल्या ठिकाणी बसताना पाहिलं नव्हतं, त्यांच्यावरच्या पायरीवर उभं राहताना तर नाहीच. ती चढली.

आबाजी सरळ झाले. दोघं एकमेकांसमोर. आई खाली बघून म्हणाली, “मामाजी, चहा चुलीवर झाकून ठेवला. तुमचा टीव्ही लावून आली मी.”

आबाजींनी नानांकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, खाकरले. तिनं पदर सारखा केला पण ती मागं सरली नाही. ते एकच चप्पल घालून, दुसरा पाय अनवाणी, घराकडं गेले.

बायका सतरंजीवर बसल्या. अवघडून, एकमेकींना चिकटून, पण बसल्या.

नाना उभेच होते. म्हणाले, “तुम्हीही काऊन आल्या बाई? आत्ताच सांगितलं ना मी, मले असं नाई पाह्यजे. तुमच्या घरी दिसते ना आता?”

“दिसते ना,” आई म्हणाली. “म्हणून तं आलो. सारे टीव्हीपुढं बसले राह्यते. मामाजी, पोरं, पोरायचे बाबा. संध्याकाळी आता आमाले कोणी हाकच मारत नाई. भाकरी टोपल्यात ठेवली की कोणी विचारत नाई कुठं चालली. आमाले हे पह्यल्यांदाच भेटलं नाना. बसायले जागा पाह्यजे. त्या भिंतीमागं बसून बसून कंबर गेली.”

दुसरी एक पदराआडून म्हणाली, “आम्ही उद्याच येणार होतो. पण उद्या तं तुम्ही चालले. ओट्याले कुलूप लागलं तं आम्ही कुठं जाव?”

“हे इलासले दाखवायसाठी नाई?” नानांनी विचारलं.

आईनं विलासभाऊंकडं बघितलंसुद्धा नाही. “इलासभाऊ आहेत का इथं?” म्हणाली. “मले वाटलं पाहुणे आहे कोणी.”

त्यावर बायका हसल्या. मोकळं, एकदम, तोंडावर हात न ठेवता. विलासभाऊही हसले. मग त्यांनी खिशातली तिकिटं काढली, त्यांच्याकडं बघितलं, नानांकडं बघितलं, आणि त्यातलं एक ट्रंकेवर ठेवून ते आत गेले. रविवारी एकटेच गेले.

मला पहाटेच्या एसटीनं परत जायचं होतं. परीक्षा तोंडावर होती, आणि त्यानंतर अकोल्याला नोकरी लागली, गावी येणं राहूनच गेलं. नाना पुढं त्याच घरात, त्याच ओट्यावर राहिले, आणि त्या हिवाळ्यात झोपेतच गेले. आईचा निरोप माझ्यापर्यंत उशिरा पोचला. त्यामुळं माझ्यासाठी नाना त्या संध्याकाळचेच.

बायका बसल्या तेव्हा नानांना पहिल्यांदा सुचेना काय करावं. पाणी दिलं. मग म्हणाले, “कोणतं लावू?”

“काही लावू नका,” आई म्हणाली. “घरी दिवसभर तेच ऐकून राह्यलो. बसा तुम्ही.”

बसायचं कुठं हा प्रश्न होता. परक्यांच्या सुना समोर, त्यांच्याकडं तोंड करून बसणं नानांना शोभलं नसतं. त्यांनी आपली लाकडी खुर्ची उचलली, कोनाड्याकडं नेली, बायकांकडं पाठ केली आणि बंद टीव्हीकडं तोंड करून बसले. हात गुडघ्यांवर, मान पुढं. मागं गप्पा सुरू झाल्या, आधी दबकत, मग मोकळ्या. कुणाची तरी सासू, कुणाची म्हैस, नांदुऱ्याचा बांगडीवाला. आईनं आबाजींच्या चपलेचं काहीतरी सांगितलं आणि सगळ्या लोळायच्या बेतात आल्या. नाना वळले नाहीत. काळ्या काचेकडं एकटक बघत बसले होते, आणि त्यांचे खांदे हसून हसून हलत होते.